आजीचं माहेरचं नाव काय होतं?

या वेळी पत्रं बरीच आली, पण त्यातली तीन एकाच विषयाची निघाली, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. म्हणून ती एकत्रच घेतेय. पहिलं उत्तर लांबलंय, मी लांबू दिलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी ३१ वर्षांचा, कोपरखैरणेला राहतो, गाव पाटण तालुक्यात. आजोबा मशीद बंदरला माथाडी होते, आजी सगळं आयुष्य गावी राहून शेती बघायची, शेवटची सहा वर्षं तेवढी आमच्याकडे होती. गेल्या वर्षी ती गेली. आधार कार्डावर जन्म १ जानेवारी १९४०, म्हणजे ८४ ची. पुढच्या महिन्यात गावी वर्षश्राद्ध आहे, कीर्तन ठेवलंय, आणि काका म्हणाले तू शिकलेला आहेस तर आजीच्या जीवनावर दोन पानं लिही, कीर्तनाआधी वाचू. ताई, मी तीन दिवस बसलो आणि चार ओळी झाल्या. प्रेमळ होती, कष्टाळू होती, देवभोळी होती, सगळ्यांना जीव लावायची. पुढे काहीच येईना. मग लक्षात आलं की मला काही माहीतच नाही. उन्हाळ्याची सुट्टी, गणपती, शिमगा, सगळं मी तिच्याजवळ काढलंय आणि तिचं लग्न कधी झालं मला माहीत नाही, लहानपणी कुठं राहायची माहीत नाही. दहाव्याला तिची धाकटी बहीण डोंबिवलीहून आली होती, ती रडताना आजीला वेगळ्याच नावानं हाका मारत होती, मला नीट ऐकू पण आलं नाही. बाबांना विचारलं (बाबा थोरले, ६२ वर्षांचे) तर म्हणाले माहेरचं नाव असेल काहीतरी. म्हणजे त्यांनाही माहीत नाही. अजून एक सारखं आठवतं. २०१६ ला मी मित्रांबरोबर बामणोलीहून बोटीनं वासोट्याला ट्रेकला गेलो होतो. आल्यावर आजीला मोबाईलवर फोटो दाखवले तर तिनं किल्ल्याचे बघितलेच नाहीत, बोटीतून काढलेला पाण्याचा एकच फोटो धरून बसली आणि म्हणाली, "पानी लई हाय का रं?" मी म्हटलं हो आजी, भरपूर आहे. मग ती काही बोलली नाही. तिचं माहेर त्या बाजूला होतं हे मला नंतर कळलं. आता मी काय लिहू, आणि विचारू कुणाला, ती तर गेली.

उत्तर: अरे, तुझं पत्र सकाळी वाचलं आणि दुपारपर्यंत मला दुसरं काही हातात घ्यावंसं वाटलं नाही. पानी लई हाय का रं. तू म्हणतोस चारच ओळी झाल्या, पण हे एक वाक्य तुझ्याकडे आहे ना, लिखाणाची सुरुवात इथूनच कर.

तुझी बोट दीडेक तास ज्या पाण्यावरून गेली तो शिवसागर जलाशय, कोयना धरणाचा. त्या पाण्याखाली घरं आहेत, देवळं आहेत, मळणीची खळी आहेत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठायला लागलं आणि खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, कुणी तिथंच वर डोंगराला सरकलं, कुणी रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे गेलं, कुणी सांगली-सोलापूरकडे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ ला, तोवर या माणसांना घर सोडून दहा-पंधरा वर्षं झाली होती. त्या धरणाच्या विजेवर आपण सगळ्यांनी दिवे लावलेत, मीसुद्धा, आणि आपल्यातल्या किती जणांना माहितीये की एखाद्या बाईचं माहेर पाण्याखाली जातं म्हणजे काय होतं. माहेर म्हणजे नुसतं घर नाही ना. पंचमीला जायची जागा, बाळंतपणाला जायची जागा, सासरी कुणी बोललं तर मनातल्या मनात जायची जागा. तुझ्या आजीनं पन्नास वर्षांनी नातवाच्या मोबाईलमधे ती जागा बघितली, वरून, नुसतं पाणी. आणि तिनं फक्त एवढंच विचारलं.

हे वाचून तुला अपराधी वाटेल, पण तसं करून घेऊ नकोस. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत, कुठं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून, कुठं नुसतंच सांगून, आणि त्या दिवसापासून पहिलं नाव घ्यायचं नाही. पुढं ती कुणाची तरी सून, मग अमक्याची आई, मग आजी. आपल्याला ती आजी म्हणूनच मिळते आणि आपण समजतो की ती पहिल्यापासून आजीच होती. म्हणून तर प्रेमळ, मायाळू, कष्टाळू हे शब्द येतात, ते खोटे नाहीत रे, पण ते कुठल्याही आजीच्या फोटोखाली चालतात. तुला जे हवंय ते तिच्या आजी व्हायच्या आधीचं आहे.

माझ्या आईचं असंच झालं. ती गेल्यावर माळ्यावरची पितळी भांडी खाली काढली, एक घंगाळ, दोन कळशा, एक परात, सगळी काळी पडलेली. चिंच-मीठ लावून घासायला बसले. परात घासता घासता काठाला ठिपके दिसायला लागले, पूर्वी भांड्यावर हातोडी-छिन्नीनं टकटक करून नाव घालायचे ना तसे, मी अंगठ्यानं चिंच बाजूला करत एकेक अक्षर वाचत गेले. आधी चि. सौ. कां., मग एक नाव जे मी जन्मात ऐकलं नव्हतं, मग मामाकडून, आणि शेवटी १४-५-५८. मला वाटलं कुणाची तरी परात आमच्यात मिसळलीये. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, अगं वेडे, ती तुझी आईच. मी ५२ वर्षांची होते तेव्हा. ती परात आता रोज वापरते, कणीक त्यातच मळते.

तर गावच्या घरी जाशील तेव्हा भांडी बघ. काठ बघ, बुड बघ. आणि तिच्या हाताची गोधडी असेल तर ती उन्हात पसरून घरातल्या बायकांना जवळ बसव, कुठला तुकडा कुठल्या लुगड्याचा हे सांगता सांगता त्या तुला तिची तीस-चाळीस वर्षं सांगतील. तुझ्या आजीच्या जावा असतील, शेजारच्या म्हाताऱ्या असतील, जिच्याबरोबर ती भात लावायला जायची ती कुणी असेल. पुरुषांना शेवटी विचार. त्यांना जमिनीचं माहीत असतं, बायकांचं नाही.

पण सगळ्यात आधी डोंबिवली. ती मावशीआजी पण ऐंशीच्या घरात असणार. फोनवर विचारू नकोस, जाऊन बस. आणि "आजी कशी होती" असं विचारू नकोस, चांगली होती रे बाबा असं म्हणून त्या डोळे पुसतील आणि संपेल. बारीकसारीक गोष्टी विचार. लग्न होऊन सासरी आली तेव्हा चालत आली का बैलगाडीनं, बरोबर पाठराखीण कोण आलं होतं. माहेरच्या घरातून सकाळी उठल्यावर समोर काय दिसायचं. पाणी चढायला लागलं तेव्हा ती कुठं होती. आणि एक प्रश्न मला तुझं पत्र वाचल्यापासून पडलाय: पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तुझे बाबा थोरले, आणि त्यांच्या वयाचा हिशोब लावला तर ते जन्मले त्या सुमाराला तिचं माहेर पाण्याखाली गेलेलं किंवा जायच्या बेतात. मग ती बाळंतपणाला गेली कुठं?

तारखा सापडणार नाहीत. त्या पिढीत ज्यांना जन्मतारीख माहीत नाही त्यांच्या आधारवर १ जानेवारी, शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली १ जून, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस या दोन दिवशी येतो. ते सोड. त्या भागात सगळ्यांना लक्षात असलेली एक तारीख आहे, ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे चार वाजून गेले होते. त्याच्या आधीचं की नंतरचं, एवढं विचारलं तरी लोकांना पटापट आठवतं. तुझे बाबा तेव्हा चारेक वर्षांचे, आजोबा मुंबईला. म्हणजे त्या पहाटे अंधारात, थंडीत, घरातलं पोरंबाळ बाहेर काढणारी ती एकटीच होती. कसं काढलं, कुठं नेलं, पुढचे किती दिवस उघड्यावर झोपले, आजोबांना मुंबईत कधी कळलं आणि ते कधी पोचले. हे बाबांना विचार. चार वर्षांच्या मुलाला भूकंप लक्षात राहतो.

अजून एक विचारायचंय, ते जपून विचार आणि बाईमाणसालाच विचार. तिला किती मुलं झाली. किती आहेत असं नाही, किती झाली. त्या काळात जवळजवळ प्रत्येक घरात एखादं मूल गेलेलं असायचं, सहा महिन्यांचं, दोन वर्षांचं, आणि त्याच्याबद्दल नंतर कुणी बोलायचं नाही. आईच्या मनात मात्र ते वाढत असतं, आज असतं तर एवढं झालं असतं म्हणून. असं काही कळलं तर सगळ्यांसमोर वाचायचं की नाही ते घरात विचारून ठरव, पण लिहून नक्की ठेव.

कागदांचं म्हणशील तर जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मधे मिळतात, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, तहसीलला अर्ज करून बघता येतं. माहेरची जमीन धरणात गेली असेल तर भूसंपादनाच्या निवाड्यात तिच्या वडिलांचं किंवा भावाचं नाव असेल. तिचं नसेल. त्या काळच्या कागदात बायका नसतातच, म्हणून तुझी दोन पानं महत्त्वाची.

आणि जात्यावर दळायची ना ती? मग ओव्या म्हणत असणार. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, १९८० च्या दशकापासून हे काम चाललं, आता त्यातल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या साईटवर आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, काहींचा आवाजसुद्धा. डोंबिवलीला जाताना त्यातल्या दोन-चार मोबाईलवर घेऊन जा आणि मावशीआजींसमोर लाव. नुसतं लाव आणि गप्प बस. त्यांना पुढची येत असेल तर त्या म्हणतील, आणि ती तुझ्या आजीनेही म्हटलेली असेल. फक्त फोनचं रेकॉर्डिंग आधी चालू करून ठेव, त्यांना विचारून.

लिहिताना भाषा सजवू नकोस. जशा त्या बोलल्या तसंच लिही, पानी ला पानीच राहू दे.

प्रश्न: मी ५५ वर्षांची, संभाजीनगरला असते. माझी आई ८२ वर्षांची आहे, मूळची बीड जिल्ह्यातली, दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. भाऊ पुण्याहून येतो आणि म्हणतो ती सगळं विसरायच्या आत तिचा व्हिडिओ करून ठेवू, आणि मोबाईल समोर धरून प्रश्न विचारतो, दुष्काळ कोणत्या साली होता, तुझं लग्न कोणत्या साली झालं. तिला सांगता येत नाही, मग ती चिडते, एकदा तर रडलीच. मला वाटतं राहू द्यावं. पण मग काहीच राहणार नाही अशी भीती पण वाटते.

उत्तर: तुमच्या भावाची घाई मला समजते हो, तो लांब राहतो, त्याला दर वेळी आई थोडी कमी झालेली दिसते. पण साल विचारू नका. कुठलंच नाही. तिच्यासाठी ती परीक्षा होते आणि ती नापास होतेय हे तिला कळतं. या आजारात कालपरवाचं आधी जातं, जुनं बराच काळ टिकतं, आणि त्यातही हातानं केलेलं आणि गायलेलं जास्त टिकतं. म्हणून डोक्याला विचारण्यापेक्षा हातांना विचारायचं.

तुमच्या आई १९७२ ला साधारण तिशीच्या आत-बाहेर असतील आणि बीडच्या, म्हणजे त्या दुष्काळाच्या कामावर गेल्या असायची शक्यता खूप. खडी फोडायची कामं, कामावर मिळणारी सुकडी, रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडायची ती. त्यांच्याजवळ बसून तुम्हीच म्हणा, आई, मिलोची भाकरी कशी व्हायची गं? किंवा परातीत थोडं ज्वारीचं पीठ देऊन त्यांना मळू द्या. बोलल्या तर ठीक, नाही बोलल्या तर त्यांचे हात बघा, भाकरी थापताना अंगठा कसा वळतो ते बघा, भावाला म्हणावं हाताचाच व्हिडिओ काढ, तोही बाजूला उभा राहून. चेहऱ्यासमोर मोबाईल नको. दहा मिनिटं पुरे. सकाळी आंघोळ-खाणं झाल्यावर बसा, संध्याकाळी नको, संध्याकाळी यातली पुष्कळशी माणसं जास्त अस्वस्थ होतात.

आणि त्या काही चुकीचं बोलल्या तर दुरुस्त करू नका. मेलेल्या भावाला जिवंत म्हणाल्या तर "तो काय म्हणायचा गं" एवढंच विचारा. एकच गोष्ट चार वेळा सांगितली तर चारही वेळा ऐका, मी अशी ऐकलेली आहे सासूबाईंची, तिसऱ्या वेळी त्यात एक नवीन माणूस आला होता, त्यांची लहानपणीची मैत्रीण, जिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

भीती वाटते म्हणालात. ती जाणार नाही, पण रोज एक ओळ वहीत लिहून ठेवा, आज आई काय म्हणाली. तारीख घालून. शब्द त्यांचेच.

प्रश्न: वडील दीड वर्षापूर्वी गेले. त्यांना टाईप करता यायचं नाही म्हणून ते व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट पाठवायचे, पोचलास का, जेवलास का, भाजी महाग झाली, असलं. माझा फोन आता बंद पडायला आलाय. मी अजून एकही परत ऐकलेली नाही, हिंमत होत नाही, पण त्या जायला नकोत.

उत्तर: ऐकायची घाई नाही, जपायची आहे, आज रात्रीच करा. त्या चॅटमधे जाऊन एक्सपोर्ट चॅट करा आणि मीडियासकट असं निवडा, ती फाईल स्वतःला ईमेल करा किंवा ड्राईव्हवर टाका. पण एवढ्यावर थांबू नका, एक्सपोर्टमधे ठरावीक संख्येचे अलीकडचे मेसेजच येतात, जुने राहून जातात. म्हणून अँड्रॉइड असेल तर फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडून व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरमधलं व्हॉइस नोट्सचं सगळं फोल्डरच उचलून कॉपी करा. आयफोन असेल तर एकेक नोट शेअर करून बाहेर काढावी लागेल, वेळ लागेल, पण काढा. फाईल्सच्या नावापुढे ओपस असेल, घाबरू नका, व्हीएलसीमधे वाजतात. एक कॉपी पेनड्राईव्हवर आणि एक बहिणीकडे किंवा भावाकडे, दोन वेगळ्या घरांत. नवीन फोनवर सगळं आलंय अशी खात्री होईपर्यंत जुना फोन रिसेट करू नका, विकू तर नकाच. वाजतात का ते बघायला एक तरी ऐकावी लागेल. ते जमत नसेल तर मित्राला ऐकायला सांगा.

ता. क. हा मजकूर छपाईला जायच्या आधी कोपरखैरणेच्या मुलाचा मेसेज आला, त्याच्या परवानगीनं थोडं सांगते. तो डोंबिवलीला जाऊन आला. मावशीआजींनी नाव सांगितलं. घर सोडताना त्यांच्या आईनं वृंदावनातली तुळस मातीसकट उपटून डब्यात घातली आणि उंबरठ्याला हळदकुंकू लावलं, ते त्यांना अजून दिसतं म्हणाल्या. आणि त्यांची थोरली बहीण बाळंतपणाला माहेरीच आली होती, पण माहेर तेव्हा वर डोंगरात घातलेल्या खोपीत होतं, खाली पाणी चढत होतं, त्या खोपीत त्याच्या बाबांचा जन्म झाला. बाबांना हे ६२ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी ते स्वतः डोंबिवलीला गेले आणि रात्री उशिरा घरी आले. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर आजीची दोन्ही नावं घातलीयेत, माहेरचं आधी. ती मी इथं छापत नाही, ती त्यांच्या घरची आहेत.